बँकेच्या पाठीशी कोण?

घरात एक रुपयाची जुनी नोट सापडली तर ती दहाच्या नोटेशेजारी ठेवून पाहा. दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे आणि धारकाला दहा रुपये अदा करण्याचे वचन आहे. एक रुपयाच्या नोटेवर असे वचन नाही. तिच्यावर 'भारत सरकार' छापलेले असते आणि सही वित्त सचिवांची असते. आता पासबुक उघडा. तिथली शिल्लक हा तिसराच प्रकार. ती ना सरकारची, ना रिझर्व्ह बँकेची. तुमची बँक तुम्हाला तेवढ्या रकमेचे देणे लागते, इतकाच तिचा अर्थ. एरवी आपण तिन्हींना 'पैसे' म्हणतो. फरक कळतो तो बँकेच्या दाराला कुलूप लागते तेव्हा.

या देण्यामागे शेवटी कोण उभे राहणार? आपली बँकव्यवस्था या एका प्रश्नातून घडत गेली आहे. आणि हा प्रश्न मुंबईने फार लवकर, फार मोठी किंमत मोजून अनुभवला.

1840 साली बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्यात सरकारचा हिस्सा होता, सरकारी पैसा तिच्याकडे असे आणि तिच्या नोटाही चालत. 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. त्याच साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेनासा झाला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. 1863 मध्ये बँक ऑफ बॉम्बेच्या कर्जवाटपावरचे निर्बंध सैल झाले होते. आता शेअर तारण ठेवून कर्ज आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर, असे चक्र सुरू झाले. प्रेमचंद रायचंद यांचे बँकेत मोठे वजन होते. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला, तेच हे प्रेमचंद शेठ.

1865 च्या वसंतात युद्ध संपले आणि कापूस कोसळला. वायद्याच्या, म्हणजे पुढच्या तारखेला पुरे करायच्या सौद्यांचा हिशेब 1 जुलैला चुकता करायचा होता; त्या दिवशी शहरातल्या बड्या बड्या पेढ्या आडव्या झाल्या. बँक ऑफ बॉम्बेने ज्यांना कर्जे दिली तेच बुडाले आणि तारण ठेवलेले शेअर रद्दीच्या मोलाचे झाले. अखेर बँक गुंडाळावी लागली. 1868 मध्ये त्याच नावाची नवी बँक काढली गेली आणि जुनीचे काय झाले हे शोधायला सरकारने चौकशी आयोग नेमला.

आता 1866 चे लंडन पाहा. ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी मे महिन्यात कोसळली आणि बाजारात घबराट पसरली. बँक ऑफ इंग्लंडने त्या पेढीला वाचवले नाही, पण चांगले तारण घेऊन येणाऱ्या इतरांना सढळ हाताने कर्ज दिले. ज्याचा धंदा मुळात सडलेला आहे त्याला जाऊ द्यायचे, आणि जो धडधाकट असून केवळ रोकड हाताशी नाही म्हणून अडला आहे त्याला तारायचे, हा भेद तिथे कामी आला. मुंबईत हा भेद करणारे कुणी नव्हतेच.

रोकड नसणे हा बँकेचा दोष नाही, तो तिच्या कामाचाच भाग आहे. समजा, पिठाच्या गिरणीसाठी एखाद्याला बँकेने दहा लाखांचे कर्ज मंजूर केले. तेव्हा बँक कुणा ठेवीदाराच्या खात्यातून दहा लाख काढून त्याला देत नाही. ती त्याच्या खात्यात दहा लाख जमा दाखवते. ठेवीदारांच्या पासबुकात एक पैसाही कमी झालेला नसतो, तरी गावात दहा लाखांची नवी ठेव तयार झालेली असते. मग हे कितीही करता येईल का? नाही. गिरणीवाल्याने यंत्राचे पैसे दिले आणि यंत्र विकणाऱ्याचे खाते दुसऱ्या बँकेत असले, की पहिल्या बँकेला ते खरोखर चुकते करावे लागतात. आज हा हिशेब बँकांच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून होतो. तिथे शिल्लक हवीच, आणि कमी पडली तर व्याजाने आणावी लागते. रिझर्व्ह बँक अशा कर्जाला जो व्याजदर लावते त्याला आपण रेपो दर म्हणतो. गृहकर्जाचा हप्ता वरखाली होतो त्याचे मूळ तिथे आहे.

हे खाते ठेवायला स्वतंत्र जागा मिळेपर्यंत फार वेळ गेला. 1913 मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि पाठोपाठ मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या अनेक बँका त्या लाटेत गेल्या. 1921 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या ब्रिटिश इलाख्यांच्या (प्रांतांच्या) बँका एकत्र करून इंपीरियल बँक झाली. ती सरकारची बँकही होती आणि बाजारात धंदाही करत होती. इतर बँकांनी अडचणीत आपल्याच स्पर्धकाच्या दारात जायचे, ही मांडणीच चुकीची होती. 1926 मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने धंदा न करणारी वेगळी बँक सुचवली.

या आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर 1925 मध्ये साक्ष दिली. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये त्यांनी प्रबंध लिहिलेला होता. रिझर्व्ह बँक थेट त्या प्रबंधातून निघाली, असे सरसकट सांगितले जाते. मला वाटते, त्याने त्यांचा खरा मुद्दा झाकला जातो. किती चलन काढायचे हे कारभाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला, असे ते सांगत होते. महागाईत गरिबाच्या हातातला रुपया झिजतो, ही त्यामागची कळकळ होती. पुढे सरकारची तूट रिझर्व्ह बँकेच्या पैशातून आपोआप भरली जाऊ लागली. ती पद्धत 1997 मध्ये थांबली. 2016 पासून महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची जबाबदारी कायद्यात आली. म्हणजे मर्यादेचा तो प्रश्न सुटायला नव्वद वर्षे लागली.

1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, पाच कोटींच्या खासगी भांडवलावर. तिच्या यादीतल्या बँकांनी मागताच परत द्याव्या लागणाऱ्या देण्याच्या 5 टक्के आणि मुदतीनंतर द्यायच्या देण्याच्या 2 टक्के रक्कम तिच्याकडे ठेवायची होती. पण बँका तपासण्याचा पुरेसा अधिकार तिला नव्हता. 1938 मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा तिने वेळेवर हात दिला नाही, अशी टीका झाली. 1943 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1 जानेवारी 1949 ला, ही बँक सरकारी मालकीची झाली. परवाना आणि तपासणीचे अधिकार त्याच साली कायद्याने मिळाले.

तरीही 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्या. त्यातून 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा आला, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळण्याची हमी. मर्यादा होती दीड हजार रुपये. 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लोकांच्या मनात बँकेच्या पाठीशी थेट सरकारच उभे राहिले.

सहकारी बँका 1966 पासून बँकिंग कायद्याखाली आल्या, पण निवडणुका आणि कारभार राज्याच्या सहकार खात्याकडे राहिला. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसे ठेवीदाराचे झाले. आमच्या भागातल्या अशा एका बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले त्या सकाळी शटर अर्धे खाली होते. पायरीवर एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक घेऊन बसल्या होत्या. "आत पैसे आहेत ना रे, मग देत का नाहीत?" असे त्या प्रत्येकाला विचारत होत्या. पासबुकातली रक्कम म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे, हे त्यांना त्या पायरीवर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद 2021 मध्ये झाली. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत एकाच नावावर असलेल्या ठेवी एकत्र मोजतात. कोपऱ्यावरच्या पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. तिचे पासबुक बँकेसारखेच दिसत असले तरी.