बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि दुखण्याची गोळी

"बीपीच्या गोयीनं किडनी जाते म्हणतात, खरं हाय का?" वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणाऱ्या आबाजींनी तोवर बीपीची गोळी बंदही केलेली असते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मात्र सुरूच असते. चालू ठेवायची ती बंद आणि बंद करायची ती चालू, असा हा उलटा कारभार आहे.

किडनीला धोका कुठून येतो हे कळायला तिच्या आत डोकवावं लागेल. प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटर लघवी होऊन जातो आणि बाकीचा रक्तात परत शोषला जातो. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळण्यासाठी लागणारा दाब या दोघींच्या रुंदीवर ठरतो. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी घ्या. सुरुवातीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, टोकाचं बूच काढलं आणि विहिरीतही पाणी उरलं नाही, तर ड्रिपरमधून थेंब पडेल का?

मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, घामानं अंगातलं पाणी कमी होतं. तेव्हा शरीर दोन युक्त्या करतं. प्रोस्टाग्लँडिन हे रसायन आत येणारी धमनी उघडी ठेवतं आणि अँजिओटेन्सिन-2 बाहेर जाणारी आवळून धरतं. त्यामुळे रक्त कमी असूनही गाळणीतला दाब टिकतो. दुखण्याची गोळी पहिली युक्ती बंद पाडते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या दुसरी युक्ती ढिली करतात. पायाची सूज उतरवायला दिलेली फुरोसेमाइडसारखी पाणी काढायची गोळी अंगातलं पाणी आणखी कमी करते. मग किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, म्हणजे क्रिएटिनिन, चढतं, पोटॅशियमही चढतं, आणि चढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. धडधाकट, पाणी पिणाऱ्या तरुणाला प्रोस्टाग्लँडिनची तेवढी गरजच पडत नाही, म्हणून तीच गोळी त्याला सहसा पचते आणि त्याच्या आबाजींना बाधते.

दुखण्याची गोळी कशी चालते आणि रॅमिप्रिलच्या जातीची गोळी कुठून आली, या दोन्ही शोधांचे धागे लंडनमधल्या एकाच शास्त्रज्ञापाशी, जॉन व्हेनपाशी जातात, याचं मला फार अप्रूप वाटतं. अॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन रोखतात हे त्यानं 1971 साली दाखवलं आणि 1982 चं नोबेल मिळवलं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाचा अर्क सर्जिओ फेरेरा या संशोधकानं त्याच्याच प्रयोगशाळेत आणला होता. त्या वाटेनं पुढे अँजिओटेन्सिन-2 बनणं रोखणारं कॅप्टोप्रिल आलं, रॅमिप्रिलचं थोरलं भावंड.

ब्रिटनमधल्या बीपीच्या सुमारे 4 लाख 87 हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बीपीची आणि पाण्याची गोळी घेणाऱ्यांनी त्यात दुखण्याची गोळी जोडली, तर किडनी अचानक बिघडण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी जास्त दिसलं आणि पहिल्या 30 दिवसांत तर 82 टक्क्यांनी.

म्हणून आधी सुटायला हवी ती दुखण्याची गोळी. बीपीची नव्हे. शुगर असलेल्या माणसाच्या लघवीतून प्रथिन जात असेल, तर रॅमिप्रिलच्या जातीची गोळी किडनीचं नुकसान लांबवते. ती मनानं सोडणं घातक आहे. गुडघ्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं मलम चालतं का, ते डॉक्टरांना विचारा. आठवडी बाजारातली "गुडघ्याची पुडी" मात्र घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत, वर आयुर्वेदिक लिहिलं म्हणून ती निरुपद्रवी होत नाहीत. किडनी साफ करणाऱ्या काढ्यांचंही तेच. किडनी धुवायची वस्तू नाही.

हगवण किंवा उलट्या लागल्या, तर त्याच दिवशी सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन पीएचसीत जा आणि पाण्याची व बीपीची गोळी तेवढे दिवस थांबवायची का, हे विचारा. क्रिएटिनिन तपासून घ्या. अंगावर मांस कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसात किडनी मंदावली तरी हा आकडा नॉर्मल दिसू शकतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या. वेळेत लक्षात आलं, तर दुखण्याची गोळी थांबवून पाणी भरून काढल्यावर बहुतेकांचं क्रिएटिनिन काही दिवसांत खाली येतं.