अलेक्झांड्रियाचे ऋतुमान

अलेक्झांड्रिया (अरबी नाव अल-इस्कंदरिया) हे इजिप्तच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरचे शहर अलेक्झांडरने इ. स. पू. ३३१ मध्ये वसवले. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला मरयूत सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वस्ती, अशी त्याची ठेवण आहे. त्यामुळे उरलेल्या इजिप्तचे हवामान इथे चालत नाही. ‘इजिप्तला थंडीतच जावे’ हा सल्ला दक्षिण इजिप्तमधल्या लक्सर-अस्वानसाठी अगदी खरा, पण अलेक्झांड्रियात तोच काळ वादळांचा असतो.

कैरोत वर्षभरात जेमतेम २५ मिमी पाऊस पडतो, तर इथे सुमारे २०० मिमी. कोकणाच्या मानाने ही सर म्हणजे काहीच नव्हे. पण तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो आणि सोबत समुद्र खवळतो. जानेवारीत दुपारी १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पहाटे ९ अंशांपर्यंत पारा उतरतो. आकडे सौम्य वाटतात, पण ओला वारा अंगात शिरतो.

या वादळांना स्थानिक लोक ‘नव्वा’ म्हणतात. आपल्याकडे शेतकरी जसा मृगाचा, आर्द्राचा, हत्तीचा पाऊस ओळखतो, तशी इथल्या कोळ्यांनी प्रत्येक नव्व्याला नाव आणि अंदाजे तारीख देऊन ठेवली आहे. नोव्हेंबरच्या मध्यास ‘अल-मकनसा’ म्हणजे झाडू येते. डिसेंबरच्या आरंभी ‘कासिम’, जानेवारीत ‘अल-फैदा अल-कबीरा’ म्हणजे मोठा पूर. १९ जानेवारीच्या सुमारास कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्याच्या सणाबरोबर ‘अल-गितास’, मार्चमध्ये ‘अल-हुसूम’ आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘अव्वा’. ‘अव्वा, मा बादहा नव्वा’, म्हणजे अव्वानंतर नव्वा नाही, अशी म्हणच आहे. तारखा चार दिवस मागेपुढे होतात, पण क्रम पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असतो.

नव्वा सुरू झाला की बंदराचे तोंड, म्हणजे ‘बुगाझ’, जहाजांना बंद होते. अन्फूशी या कोळ्यांच्या वस्तीतल्या होड्या दोर आवळून उभ्या राहतात. पावसाळ्यात आपली मासेमारी थांबते. यांची थंडीत अडते. कॉर्निश या किनारी रस्त्यावर लाटांचे तुषार येतात, गाड्यांच्या काचांवर मिठाचा पांढुरका थर बसतो. कैतबे किल्ला पंधराव्या शतकात, कोसळलेल्या प्राचीन दीपगृहाच्या जागी उभा राहिला. त्याच्यापुढे लाटा अडवायला टाकलेले काँक्रीटचे अजस्र ठोकळे अशा दिवशी पाहावेत. कॉर्निशवर हुम्मुस अश-शाम, म्हणजे हरभऱ्यांचे वाफाळते, तिखट-आंबट पाणी, पेल्यातून मिळते. मात्र सगळेच नव्वे असे पाहण्याजोगे नसतात. २५ ऑक्टोबर २०१५ च्या अतिवृष्टीत रस्ते तुंबून माणसे दगावली आणि गव्हर्नरांना राजीनामा द्यावा लागला.

वसंतात त्रास वाळवंटाचा. ‘खमासीन’ (खमसीन म्हणजे पन्नास, सुमारे पन्नास दिवसांच्या काळात सुटणारा म्हणून) हा दक्षिणेकडून येणारा तप्त, धुळीचा वारा मार्च ते मे या काळात अधूनमधून सुटतो. एरवी सुखद असलेला दिवस काही तासांत भाजून निघतो, आकाश पिवळे पडते. एकदोन दिवसांत तो ओसरतो. तेवढा वेळ संग्रहालयात किंवा २००२ साली सुरू झालेल्या नव्या ग्रंथालयात काढावा.

उन्हाळा दमट, पण कैरोच्या मानाने सुसह्य. दुपारचे तापमान साधारण ३०-३१ अंश. त्याचे श्रेय समुद्रावरून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यांना. या वाऱ्यांमुळे अलेक्झांड्रियाकर उन्हाळा फार सुखाने घालवतात, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवले. राजेशाहीच्या काळात दरबारही उन्हाळ्यात इथे हलत असे. म्हणूनच राजा फारूकने २६ जुलै १९५२ रोजी राज्यत्याग केला तो इथल्या रास अत-तीन राजवाड्यात. आजही जुलै-ऑगस्टमध्ये निम्मे कैरो इथे लोटल्यासारखे वाटते. पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. इतिहास पाहायला आलेल्याने हे दोन महिने टाळावेत.

याच उत्तरेच्या वाऱ्यांचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. रोमन काळात अलेक्झांड्रियाचा माल त्यांच्या जोरावर नाईलमधून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडच्या कॉप्टोस या नदीकाठच्या गावापर्यंत सुमारे बारा दिवसांत जाई, पुढे उंटांवरून तांबड्या समुद्राच्या बंदरांत. तिथून गलबते नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर भारताकडे निघत. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे ग्रीक नाविकांना ठाऊक होती. परतीची वाट डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा धरून.

भेटीसाठी सर्वांत चांगला काळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. गर्दी ओसरलेली असते, समुद्र अजून कोमट असतो, आणि कोम अल-शुकाफाच्या भुयारी कबरींतून बाहेर आल्यावर ऊन अंगावर येत नाही. दिवाळीच्या सुटीत मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना हा काळ बहुधा नेमका सापडतो. दुसरी संधी एप्रिलची, खमासीनची तयारी ठेवून. मे महिन्याच्या सुटीतही ऊन फारसे बाधत नाही. नाताळात जायचे झाल्यास लक्सर-अस्वानला दिवस जास्त द्यावेत आणि अलेक्झांड्रियासाठी एक दिवस राखीव ठेवावा, कारण तो नव्व्याच्या वाट्याला जाऊ शकतो.