चुनखडीच्या पातळ थराला अधिकृत नाव द्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पद्धत

या कामाला छापील फॉर्म नाही, फी नाही आणि शिक्का मारून देणारं कार्यालयही नाही. मान्यताप्राप्त नियतकालिकात छापून आलेला शोधनिबंध हाच अर्ज आणि तोच दाखला. पदवीची अट नाही. मात्र अप्रकाशित प्रबंधात किंवा कंपनीच्या अंतर्गत अहवालात वापरलेलं नाव धरलं जात नाही, आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात.

नियम आंतरराष्ट्रीय स्तरक्रम (खडकांच्या थरांचा क्रम) मार्गदर्शिकेत आहेत (१९७६, दुसरी आवृत्ती १९९४). भारताची स्वतःची संहिता १९७१ची.

आधी थर पात्र आहे का ते पाहा. मोठ्याकडून लहानाकडे उतरंड अशी: ग्रुप, फॉर्मेशन, मेंबर, बेड. किमान जाडीची अट नाही, पण फॉर्मेशन नकाशावर दाखवता आलं पाहिजे. त्यामुळे फूट-दोन फुटांचा थर बहुधा बेडच ठरतो, आणि बेडला नाव द्यायचं ते तो दूरवर ओळखू येणारा खुणेचा थर असेल तरच. कच्छमधला धोसा ऊलाइट मेंबर बघा. जुमारा फॉर्मेशनच्या माथ्यावर शेलशी (पापुद्र्यांच्या चिखलखडकाशी) आलटून पालटून येणाऱ्या चुनखडीच्या या पट्ट्या. भिंग लावलं की माशाच्या अंड्यांसारखे लोहयुक्त गोल कण दिसतात, आणि धोसा हातात आला याची खात्री पटते. त्यात ॲमोनाइट (गुंडाळीच्या शिंपल्याचे नामशेष सागरी जीव) सापडतात, त्यावरून वय ठरतं. पण थराची ओळख खडकावरून, वयावरून नाही.

खडकाचा प्रकार ठरवायला दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पुरतो. चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट (चुनखडीसारखाच दिसणारा मॅग्नेशियमयुक्त खडक) चाकूने खरवडून भुकटी केल्यावरच जरा कुरकुरतो. पुढचं वर्गीकरण पातळ कापात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या खडकाच्या पारदर्शक चकतीत), भूवैज्ञानिक डनहॅमच्या १९६२च्या पद्धतीने: कण एकमेकांवर टेकलेत की चिखलात तरंगताहेत?

नाव म्हणजे गावाचं नाव आणि पुढे खडक किंवा दर्जा, किंवा दोन्ही. गाव टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) हवं आणि ते नाव दुसऱ्या कुठल्या थराला दिलेलं नसावं. पुढे गावाचं नाव बदललं तरी खडकाचं बदलत नाही. चांद्याचं चंद्रपूर झालं, चुनखडी मात्र चांदाच राहिली. जीवाश्मावरून नाव देण्याचा मोह टाळा. मध्य प्रदेशातल्या बाघजवळच्या ‘कोरलाइन’ चुनखडीत नावाप्रमाणे प्रवाळ शोधायला जाल, तर भेटतात ते ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने राहणारे वेगळेच सूक्ष्म सागरी प्राणी. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्डच्या १८६९च्या लिखाणातलं ते नाव अजून चिकटून आहे.

कागदपत्रांत जीव आहे तो टाइप सेक्शनमध्ये, म्हणजे थराचा नमुना म्हणून निवडलेल्या उघड्या छेदात. तिथला अक्षांश-रेखांश, टोपोशीट क्रमांक, टेप लावून मोजलेला स्तंभ, तळाच्या आणि माथ्याच्या सीमेचे फोटो, बाजूला थर कुठवर जातो त्याचा नकाशा, आणि नमुने कुठल्या संग्रहालयात ठेवलेत ते. चालू खाणीचं तोंड टाइप सेक्शन म्हणून शक्यतो निवडू नका. दोन-चार वर्षांत ते सिमेंटच्या गोणीत गेलेलं असतं. वाट सोपी असलेला ओढ्याचा काठ बरा.

निबंधात ‘हे नाव आम्ही नव्याने प्रस्तावित करत आहोत’ असं स्पष्ट लिहा. जुनी नावं आणि ती का अपुरी पडतात तेही लिहा, कारण हा थर आधीच्या एखाद्या नावाखाली बसत नाही का, हे परीक्षक विचारणारच.