स्प्रिंकलर आणि फायर अलार्म: आधी मालासाठी, मग माणसांसाठी

फायर सेफ्टीचा इतिहास चाळायला घेतला की विमावाले पानोपानी भेटतात. १८३५ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला झकारिया ॲलन नावाचा कापड गिरणीवाला विमा कंपनीकडे गेला, म्हणाला मी आग लागू नये म्हणून गिरणीत एवढा खर्च केलाय तर माझा हप्ता कमी करा, ते नाही म्हणाले, मग या माणसाने बाकीच्या गिरणीवाल्यांना गोळा करून स्वतःचीच विमा कंपनी काढली. पुढे याच धर्तीच्या कंपन्या गिरणी आधी तपासायच्या आणि मगच विमा द्यायच्या, आणि आज मोठ्या बिल्डिंगच्या फायर सिस्टीमला जे इन्स्पेक्शन, ॲप्रूव्ह्ड सामान वगैरे चिकटलेलं असतं त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे.

तेव्हाच्या गिरण्यांमध्ये छताखालून भोकं पाडलेले पाइप फिरवायचे. आग दिसली की कोणीतरी धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा, मग आग एका कोपऱ्यात आणि पाणी सगळ्या मजल्यावर, म्हणजे जळाला नाही तो माल भिजून वाया, त्यात निम्मी भोकं गंजाने बुजलेली असली की संपलंच. १८७४ मध्ये न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीने आपल्या पियानोच्या कारखान्यात ऑटोमॅटिक स्प्रिंकलर लावले, त्यांचं तोंड लवकर वितळणाऱ्या धातूने बंद केलेलं असायचं आणि उष्णतेने तो धातू वितळला की पाणी सुटायचं. १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेलने त्यात बरीच सुधारणा केली आणि मग हा प्रकार खऱ्या अर्थाने पसरला.

आजच्या स्प्रिंकलरच्या हेडमध्ये, म्हणजे पाणी सुटतं त्या तोंडात, बहुतेक वेळा काचेचा छोटा बल्ब दिसतो, आत रंगीत द्रव आणि बारीकसा बुडबुडा. उष्णतेने द्रव फुगतो, बुडबुड्याची जागा संपते, काच फुटते आणि पाणी सुरू. रंग शोभेचा नाही हां, लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअस, केशरी ५७, पिवळा ७९, हिरवा ९३. आणि जे हेड तापलं तेवढंच उघडतं, धुराने तर उघडतच नाही. सिनेमात एक जण लायटर धरतो आणि अख्ख्या ऑफिसवर पाऊस पडतो ते साध्या सिस्टीममध्ये होत नाही, सगळीकडून एकदम पाणी येतं ते डेल्यूज सिस्टीममध्ये, तिथली हेड मुळातच उघडी असतात.

पण बसवणारा प्रत्येक जण आपापल्या हिशोबाने बसवायचा. १८९५ च्या सुमाराला बॉस्टनच्या १०० मैलांच्या आत पाइपची साइझ आणि दोन हेडमधलं अंतर यांचे ९ वेगवेगळे नियम चालू होते! या गोंधळातून १८९६ मध्ये एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) ही फायर सेफ्टीचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था उभी राहिली, त्यातही सुरुवातीला भरणा विमावाल्यांचाच.

अलार्मची गोष्ट तिकडे वेगळीच चालली होती. १८५२ मध्ये बॉस्टनमध्ये टेलिग्राफवर चालणारे फायर अलार्म बॉक्स लागले, रस्त्यावरच्या बॉक्समधून सिग्नल गेला की फायर ब्रिगेडला जागा कळायची. म्हणजे खबर बाहेरच्यांना, आतल्या माणसांना कोण सांगणार हा प्रश्न तसाच.

तो किती महाग पडतो ते २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात दिसलं. आग आठव्या मजल्यावर लागली, तिथून दहाव्या मजल्यावर ऑफिसला फोन गेला, मधल्या नवव्या मजल्यावर काम करणाऱ्या मुलींना कोणी काहीच कळवलं नाही, त्यांना कळलं ते आग दारात आल्यावर, आणि एक दार कुलूपबंद. एकूण १४६ माणसं गेली. बिल्डिंग फायरप्रूफ म्हणून बांधलेली होती आणि ती खरंच टिकली, आजही उभी आहे. मालाच्या हिशोबाने विचार करण्याची मर्यादा यापेक्षा स्पष्ट काय दिसणार. १९१३ मध्ये एनएफपीएने माणसांच्या जिवासाठी वेगळी समिती नेमली, बाहेर पडायचे रस्ते, जिने, ड्रिल वगैरे नियम त्यातून वाढत गेले.

स्मोक डिटेक्टर मात्र असाच हाती लागला. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी गॅस ओळखणारं यंत्र करत होता, गॅसला यंत्र दाद देईना, वैतागून सिगारेट पेटवली तर तिच्या धुराने काटा हलला.

हे सगळं हाताशी असूनही पळवाटा राहिल्याच. २१ नोव्हेंबर १९८० ला लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात ८५ माणसं गेली, बरीचशी आगीपासून लांब, वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. जिथे आग लागली त्या डेलीला, म्हणजे हॉटेलातल्या छोट्या रेस्टॉरंटला, स्प्रिंकलरमधून सूट होती, कारण काय तर ते २४ तास चालू राहणार, आग लागली तर कोणीतरी बघेलच. पुढे ते रात्री बंद राहायला लागलं, सूट कायम. पहाटेपर्यंत आत धुमसत राहिलं तरी बघायला कोणी नाही. त्यानंतर नेवाडाने जुन्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर लावायला लावले, मोठी गोष्ट होती ती, कारण नवे नियम सहसा नव्या बिल्डिंगलाच लागतात.

कॉम्प्युटर रूममध्ये पाणी नको म्हणून आग विझवायला हॅलॉन गॅस आला, तो ओझोन खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला, आता दुसरे गॅस वापरतात.

जुन्या बिल्डिंगमध्ये स्प्रिंकलर लावायचे की नाही हा वाद अजून मिटलेला नाही, मालक खर्चाचं कारण काढतात आणि फायरवाले फिलाडेल्फियाचं नाव काढतात. १९९१ मध्ये तिथल्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझात बावीसाव्या मजल्यावर आग लागली, स्प्रिंकलर मोजक्याच मजल्यांवर, फायर ब्रिगेडचे ३ जवान गेले, शेवटी आतली लढाई सोडून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. आग चढत चढत तिसाव्या मजल्यावर पोचली, त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते, १० हेड उघडली आणि आग तिथे थांबली.