समाजवादी आणि कम्युनिस्ट : दोघेही डावे, मग वैर कशाचं?

‘डावे’ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकाच पोत्यात भरायची पद्धत आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर समाजवादी एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे शेजारी शेजारी बसलेले पाहिले, तर एखाद्याची गल्लत व्हावी यात नवल नाही. दोघेही मुंबईसाठी लढत होते, दोघेही १९५७ साली निवडून आले, दोघेही भांडवलशाहीच्या विरोधात बोलत. पण व्यासपीठावरून उतरल्यावर या दोन गोटांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. ‘साथी’ म्हणणारे आणि ‘कॉम्रेड’ म्हणणारे यांच्यातली तेढ जुनी आहे.

हा फरक पोथीत शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. मार्क्सवादी मांडणीत समाजवाद ही साम्यवादाच्या आधीची पायरी. सोव्हिएत संघाच्या नावातच ‘समाजवादी’ होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आपल्या उद्देशिकेतही तो शब्द आला. आणि मुलायमसिंहांनी १९९२ मध्ये काढलेल्या पक्षामुळे तर आज ‘समाजवादी’ म्हटलं की अनेकांना सायकलच आठवते. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून माणसं कुठून आली ते बघणं जास्त उपयोगाचं.

महाराष्ट्रातले कम्युनिस्ट गिरणगावात वाढले. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि डांगे कामगारांचे पुढारी झाले. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात गोवलं. समाजवाद्यांचा जन्म दुसऱ्याच तुरुंगातला. सविनय कायदेभंगात पकडलेले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम., ना. ग. गोरे हे नाशिकच्या तुरुंगात एकत्र आले आणि तिथल्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. मार्क्स त्यांनीही वाचला होता, पण ते तुरुंगात आले होते गांधींच्या हाकेला ओ देऊन. एक गट संपातून घडला, दुसरा सत्याग्रहातून. माझ्या मते पुढचे बहुतेक मतभेद यातच दडलेले होते.

कोण कुठे गेलं हे जात किंवा वर्ग पाहून सांगता येत नाही. डांगे, रणदिवे, एस. एम., गोरे सगळे साधारण एकाच थरातले, शिकले-सवरलेले उच्चवर्णीय तरुण. गोदावरी परुळेकर तर आधी गोखल्यांच्या भारत सेवक समाजात होत्या, म्हणजे मवाळांच्या घरात, आणि १९४५ मध्ये वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या लाल झेंडा घेऊन. अहिल्या रांगणेकर या बी. टी. रणदिव्यांच्या बहीण, त्यांना वाट घरातूनच मिळाली. एखादं मूल संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जाऊ लागलं की ते पुढे समाजवाद्यांकडेच वळण्याची शक्यता मोठी असे. विशीतली संगत आणि पहिला तुरुंग, माणसाचा पक्ष बहुधा इथेच ठरायचा. ग्रंथ नंतर आले.

तरी काही काळ हे दोघे एकाच छपराखाली राहिले. १९३६ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाने कम्युनिस्टांना दार उघडलं. चार वर्षांत ते बंदही करावं लागलं, कारण केरळमध्ये तिथले नेते नंबुद्रीपाद यांच्यासह अख्खी शाखाच कम्युनिस्टांकडे गेली होती. समाजवाद्यांच्या लेखी हा विश्वासघात होता. (मसानी या भांडणाला कंटाळून आधीच बाहेर पडले होते. पुढे ते खुल्या बाजाराच्या बाजूच्या स्वतंत्र पक्षात गेले, म्हणजे थेट दुसऱ्या टोकाला.)

खरी फाटाफूट झाली १९४२ मध्ये. हिटलरने रशियावर हल्ला केला होता, तेव्हा कम्युनिस्टांच्या दृष्टीने हे ‘लोकयुद्ध’ झालं आणि इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना अडथळा आणणारं ‘चले जाव’ त्यांना नको होतं. त्याच वेळी अच्युतराव भूमिगत होऊन साताऱ्यात वावरत होते आणि एस. एम. पोलिसांना चुकवत फिरत होते. १९४२ मध्ये जे भूमिगत होते त्यांनी हे शेवटपर्यंत विसरलं नाही. कम्युनिस्टांचीही बाजू होती, फॅसिझम जिंकला असता तर स्वातंत्र्याचं काय झालं असतं हा प्रश्न पोकळ नव्हता. पण आपल्या लोकांचं ऐकायचं की मॉस्कोचं, हा समाजवाद्यांचा सवाल त्यांच्या मानेवर कायमचा बसला. गंमत अशी की ४२ च्या लढ्यात साताऱ्यात चाललेल्या समांतर ‘पत्री सरकार’चे क्रांतिसिंह नाना पाटीलच पुढे शेतकरी कामगार पक्षामार्गे कम्युनिस्ट झाले आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेत गेले. साच्यात न बसणारी माणसं दोन्हीकडे होती.

मालमत्ता कुणाची, यावर दोघांचं बरंचसं एकमत. सत्ता कुणाकडे, यावर मात्र नाही. शिस्तबद्ध, केंद्रीभूत पक्ष आणि कामगारवर्गाची हुकूमशाही ही कम्युनिस्टांची मांडणी. समाजवाद्यांना अशी सत्ता भांडवलदाराइतकीच धोक्याची वाटे. समाजवादी नेते राममनोहर लोहिया सत्ता गावापर्यंत वाटा म्हणत. किंमत दोघांनीही मोजली. कम्युनिस्ट १९६४ मध्ये एकदा मोठे फुटले (जुना पक्ष भाकप, नवा मार्क्सवादी पक्ष माकप), समाजवादी इतक्यांदा फुटले आणि जुळले की त्यांच्या पक्षांची नावं लक्षात ठेवणं हा वेगळाच व्यायाम आहे.

जातीवरून दोघांची कसोटी लागली. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धाग्याला तोंड लावावं लागे. बाबासाहेबांनी हे १९२८ च्या संपात युनियनसमोर मांडलं. वर्ग एक झाला की जात आपोआप जाईल, असं म्हणणाऱ्यांना यावर पटकन उत्तर नव्हतं. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता जोडीने उभे होते, डांगेही त्याच मतदारसंघात होते. बाबासाहेब हरले, काँग्रेसचे काजरोळकर आले. त्या पराभवाचा राग दलित चळवळीत डांग्यांवर बराच काळ राहिला. समाजवाद्यांचं जातीकडे लक्ष तुलनेने लवकर गेलं. साने गुरुजींचं १९४७ चं पंढरपूरचं उपोषण, लोहियांची मागासांना शंभरात साठ जागांची मागणी, बाबा आढावांचं ‘एक गाव एक पाणवठा’. अर्थात भाषणात जात मोडणं आणि घरात मोडणं यातलं अंतर समाजवाद्यांनाही सगळीकडे कापता आलं नाही.

आणीबाणीत पुन्हा वाटा फुटल्या, आणि या वेळी कम्युनिस्टांच्यातच. डांग्यांच्या भाकपने इंदिरा गांधींना पाठिंबा दिला, माकप विरोधात राहिला. महागाईविरुद्ध लाटणं हातात घेऊन बायकांचे मोर्चे एकत्र काढणाऱ्या समाजवादी मृणाल गोरे आणि माकपच्या अहिल्या रांगणेकर, दोघीही तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून खासदार झाल्या. तुम्हाला एखाद्या जुन्या डाव्या कार्यकर्त्याची जातकुळी ओळखायची असेल, तर ४२ साली आणि ७५ साली तुमची माणसं कुठे होती, एवढंच विचारा.

आज दोघांचं उरलेलं रूपही वेगळं आहे. कम्युनिस्ट पक्ष म्हणून टिकले, लहान पण सलग. डहाणू-तलासरी पट्ट्यात अजून लाल झेंडा निवडून येतो, आणि २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेले हजारो शेतकरी कम्युनिस्टांच्या किसान सभेचेच होते, वनहक्काच्या जमिनी मागणारे. समाजवाद्यांचा पक्ष विरघळला, संस्था राहिल्या. १९४८ पासून निघणारं ‘साधना’ साप्ताहिक, सेवा दल, पुण्याची हमाल पंचायत. तिथली तरुण मुलं आता मत कुणाला देतात ते एकसारखं नाही.