बूस्टर घेतला तरी ताप आला, मग त्याचा फायदा कुठे झाला? थोडी पार्श्वभूमी

"कोरोनाचे तीन डोस घेतले तरी कोरोना झालाच ना, मग तिसरा घेतला काहून?" हा प्रश्न नागपुरात २०२२ च्या जानेवारीपासून ऐकून राहिलोय, आणि अजूनही कोणाचा खोकला-ताप लांबला की तो निघतोच. प्रश्न विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आजार लागूच नये ही एक, आणि लागलाच तर माणूस किती दिवसांत उठून बसतो, ॲडमिट व्हावं लागतं का, नंतरचा थकवा किती दिवस राहतो ही दुसरी. श्वसनाच्या आजारांत बूस्टरची, म्हणजे आधीच्या लसीचा जोर परत वाढवायला घेतलेल्या पुढच्या डोसची, खरी कमाई या दुसऱ्या बाजूला आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते कशावरून हे सांगायला जरा मागे जावं लागते.

बूस्टर काही कोरोनात निघालेला नाही. घरात लहान मूल असलं की दीड वर्षाचा बूस्टर, पाच वर्षांचा बूस्टर हे आईला पाठ राहते, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा. त्यामागचं शास्त्र १९२१ पासूनचं आहे. इंग्लंडमधले अलेक्झांडर ग्लेनी घटसर्पाच्या लसीवर काम करत होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की तोच पदार्थ काही काळाने दुसऱ्यांदा टोचला तर शरीर पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर आणि कितीतरी जास्त अँटिबॉडी बनवते. म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी महिन्यामहिन्याने उतरत गेल्या तरी मेमरी पेशी मागे राहतात, आणि पुन्हा ओळखीचं काही दिसलं की त्या कामाला लागतात.

आता घटसर्प आणि धनुर्वातात खरा त्रास जंतूच्या विषाने होतो, त्यामुळे रक्तात अँटिबॉडी असल्या की बरंच काम भागते. फ्लू किंवा कोरोनाचं तसं नाही. हा विषाणू नाकात-घशात शिरतो आणि दोन-तीन दिवसांत तिथेच वाढतो, आणि दंडात घेतलेल्या लसीच्या अँटिबॉडी रक्तात भरपूर असतात पण नाकाच्या अस्तरात कमी. मेमरी पेशींना जोर धरायला तीन-चार दिवस तरी लागतात, तेवढ्यात सर्दी-ताप होऊन जातो. पण तोवर मागून अँटिबॉडी आणि टी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या) तयार होऊन येतात आणि विषाणू फुप्फुसात खोल पोचायच्या आत बऱ्याचदा त्याला गाठतात. घसा धरला तरी ऑक्सिजन लागला नाही, असं जे कितीतरी घरांत झालं त्याचं मोठं कारण हे आहे.

फ्लूच्या लसीचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट हळूहळू कळत गेलेली दिसते. १९४० च्या दशकात अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क (हेच साल्क पुढे पोलिओच्या लसीमुळे जगाला माहीत झाले) यांनी सैन्यासाठी फ्लूची लस तयार केली, १९४५ मध्ये ती सैनिकांना दिली गेली, चांगली चालली, आणि १९४७ मध्ये तीच लस जवळपास निकामी ठरली कारण विषाणू बदललेला होता. तिथून समजलं की इथे एकदा घेतलं आणि झालं असं चालणार नाही. १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर नजर ठेवणारं जाळं उभं केलं, आणि आता वर्षातून दोनदा, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी, लसीत विषाणूचे कोणते प्रकार (स्ट्रेन) घ्यायचे ते ठरते. एक वाईट प्रसंगही इथे सांगायलाच पाहिजे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत आरएसव्ही या, बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणाऱ्या विषाणूची एक लस लहान मुलांवर तपासली गेली, आणि पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली मुलंच जास्त आजारी पडली, दोन बाळं दगावली. त्यानंतर लस घेतलेल्या माणसाला आजार झाला तर तो कसा जातो हे पाहणं संशोधकांना टाळता येण्यासारखं राहिलं नाही. आरएसव्हीची लस मंजूर व्हायला २०२३ उजाडलं.

आपल्याकडे मोठ्या माणसांनी फ्लूची लस घ्यायची हे लोकांच्या कानावर पडलं ते स्वाइन फ्लूमुळे. २००९ मध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, २०१० मध्ये देशी लसी आल्या, आणि मग सगळे विसरले. २०१५ च्या सुरुवातीला परत मोठी लाट आली, देशात त्या वर्षी ४२ हजारांवर रुग्ण आणि तीन हजारांच्या जवळपास मृत्यू झाले, आणि नागपूरला तिचा फार जबर फटका बसला, मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत विदर्भातूनच नाही तर मध्य प्रदेशातूनही रुग्ण येत होते. फ्लूची लस दरवर्षी घेणारे लोक तेव्हाही मोजके होते आणि आजही मोजकेच आहेत, याचं मला खरंच वाईट वाटते. कारण लस घेऊनही फ्लू झाला तरी फरक पडतो. न्यूझीलंडमध्ये २०१२ ते २०१५ मध्ये फ्लूने ॲडमिट झालेल्या मोठ्या माणसांत, आयसीयूत गेलेल्यांपैकी लस घेतलेले सरासरी चार दिवस आधी घरी गेले.

मग कोरोना. नागपूरचा पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये सापडला, कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या ज्या शहरांत झाल्या त्यात नागपूर होतं, इथल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या लोकांनी गुळण्या करून आरटीपीसीआर करायची सोपी पद्धत काढली. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, मार्चमध्ये शहरात पुन्हा लॉकडाउन लागला, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत काय झालं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. त्या लाटेत बहुतेकांचे दोन डोस व्हायचेच होते. ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराचा नागपुरातला पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये, आणि प्रिकॉशन डोस (सरकारने तिसऱ्या डोसला दिलेलं नाव) सुरू झाला १० जानेवारी २०२२ ला, तोही आधी आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि आजार असलेले साठीच्या पुढचे लोक यांनाच, दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असतील तर. म्हणजे लाट दारात आली तेव्हा डोस सुरू झाला, त्याचा असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे डोस घेतला आणि लगेच पॉझिटिव्ह आले असं कितीतरी जणांचं झालं, आणि सुरुवातीचा तो प्रश्न तिथून पक्का बसला.

बरं व्हायला किती दिवस लागले याचं सगळ्यात सोपं उत्तर किंग्ज कॉलेज लंडनच्या टीमने दिलं, झोई नावाच्या ॲपवर लोक रोज लक्षणं भरत होते त्यावरून. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ ला छापून आलं की ओमिक्रॉन झालेल्या आणि तीन डोस घेतलेल्या लोकांची लक्षणं सरासरी ४.४ दिवस राहिली, दोन डोसवाल्यांची ८.३ दिवस. त्याआधीच्या डेल्टा प्रकारात हेच आकडे ७.७ आणि ९.६ होते. फरक मोठा दिसतो, पण एक लक्षात ठेवायचं की तीन डोसवाल्यांचा डोस ताजा होता, आणि ॲपवर नियमाने माहिती भरणारी माणसं तब्येतीची काळजी घेणारीच असतात, त्यामुळे सगळं श्रेय डोसला देता येत नाही. नाकातला विषाणू किती लवकर जातो यात तर ओमिक्रॉनच्या वेळी एका छोट्या अमेरिकन अभ्यासात बूस्टरवाले आणि बाकीचे यांच्यात फार फरक दिसलाच नाही. लाँग कोविडचं, म्हणजे बरं झाल्यावरही कित्येक आठवडे राहणाऱ्या त्रासाचं पण असंच. इटलीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत लस न घेतलेल्या ४१.८ टक्के लोकांना त्रास लांबला, दोन डोसवाल्यांत १७.४ टक्के, तीन डोसवाल्यांत १६. म्हणजे मोठी उडी दुसऱ्या डोसपर्यंतच झालेली, तिसऱ्याने त्यात थोडीच भर घातली. हे मोकळेपणी सांगायला पाहिजे असं मला वाटते, कारण बूस्टर म्हणजे जादू असं सांगितलं की मग लोकांचा पहिल्या दोन डोसवरचा विश्वासही जातो.

तिसऱ्या डोसकडे लोकांनी पाठ फिरवली ती फिरवलीच. एप्रिल २०२२ पासून १८ च्या वरच्यांना खासगीत पैसे देऊन मिळत होता, जुलैमध्ये अंतर सहा महिन्यांवर आलं आणि ७५ दिवस सगळ्यांना फुकट दिला, तरी देशात पहिला डोस १०० कोटींच्या वर आणि प्रिकॉशन डोस जेमतेम २२-२३ कोटी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सल्ला बदलला, धडधाकट तरुणांना पुन्हापुन्हा बूस्टरची नियमित शिफारस नाही, म्हाताऱ्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि जुने आजार असलेल्यांना मात्र आहे.

आज घरातल्या मोठ्यांसाठी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे फ्लूची लस. सरकारच्या नियमित लसीकरणात ती नाही, डॉक्टरकडे विकत घ्यावी लागते. शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरला या वर्षीची लस आली का एवढं विचारायचं, मागच्या वर्षीची घेतलेली असली तरी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये परत येतो, आणि लसीचा जोर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे संपायच्या आत घेतलेली बरी.