मारिंदुके

मारिंदुके : फिलिपीन्सचा एक बेटप्रांत. लूझोन बेटाच्या दक्षिणेस, तायाबासचा उपसागर व सिबुयान समुद्र यांच्या मधे. क्षेत्रफळ सुमारे ९५० चौ. किमी.; लोकसंख्या २,३९,२०७ (२०२०). नकाशात बेट पत्त्यातल्या बदामासारखे दिसते, म्हणून ‘फिलिपीन्सचे हृदय’ हे बिरुद त्याला चिकटले आहे. बोआक हे मुख्य ठिकाण. मोगपोग, गासान, बुएनाविस्ता, तोरिहोस व सांता क्रूझ ही इतर नगरे. दक्षिणेकडे मालिंदिग हा १,१५७ मी. उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. भाषा तागालोग, मात्र तिच्यात जुनी रूपे इतकी टिकून आहेत की मनिलाच्या माणसाला कान देऊन ऐकावे लागते. लुसेनाहून बालानाकान बंदरापर्यंत बोटीने सुमारे तीन तास लागतात. ईस्टरच्या आधी या बोटी गावी परतणाऱ्यांनी भरून जातात.

त्यांना ओढून आणतो तो पवित्र आठवड्यातला मोरियोनांचा उत्सव. मोरियोन म्हणजे लाकडी मुखवटा चढवलेला रोमन शिपाई. मोगपोगचे धर्मगुरू दिओनिसियो सांतियागो यांनी १८०७ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते. सोमवारपासून मोरियोन रस्त्यांवर फिरू लागतात, पोरांना घाबरवतात, बाजारात टिवल्याबावल्या करतात. मुखवटे दापदाप किंवा सांतोलच्या लाकडाचे असतात. दापदाप म्हणजे आपला पांगारा, वजनाला हलका आणि कोरायला सोपा. डोळे वटारलेले, दाढी दाट, रंग भडक. मोगपोगच्या जुन्या धाटणीच्या शिरस्त्राणांवर कागदी फुलांचे ताटवे असतात, तर बोआकचे शिपाई सिनेमातल्या रोमनांच्या जवळ गेले आहेत.

एप्रिलच्या उन्हात आठवडाभर हा भार डोक्यावर वागवायचा तो नवसापोटी. आजारातून उठलेले मूल, पार पडलेले संकट, अशी त्याची कारणे. मुखवट्याआड कोण आहे हे शेजाऱ्यालाही कळू नये, हा जुना दंडक. वेशभूषेच्या स्पर्धा आणि पर्यटकांचे कॅमेरे आल्यापासून त्याला ढिलाई आली. बक्षिसासाठी उभा राहिलेला मोरियोन आणि नवस फेडणारा मोरियोन शेजारी शेजारी चालतात, आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. तरी नवस करणारे संपलेले नाहीत.

उत्सवाचा नायक लाँजिनस. क्रुसावरील येशूच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या शिपायाला योहानाच्या शुभवर्तमानात नाव नाही. ते नंतरच्या कथांनी दिले. इथल्या कथेत तो एका डोळ्याने आंधळा आहे. जखमेतील रक्ताचा थेंब डोळ्यात पडून त्याला दृष्टी येते, पुनरुत्थान तो स्वतः पाहतो आणि ते गावभर सांगत सुटतो. मग शिपाई त्याच्या मागे लागतात. तो सापडतो, निसटतो, पुन्हा सापडतो. हा पाठलाग गल्लीबोळांतून चालतो. शेवटी ‘पुगुतान’, म्हणजे शिरच्छेद. तलवार पडते, मुखवटा उतरतो आणि तेच ‘शीर’ गर्दीपुढे उंचावले जाते. धड बांबूच्या तिरडीवरून मिरवतात.

याच आठवड्यात घरोघरी ‘पाबासा’, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या पद्यकथेचे सुरावर पठण, तासन्‌तास चालते. काही पुरुष उघड्या पाठीवर आसूड ओढून प्रायश्चित्त घेतात.

बोआकचा पुगुतान ज्या नदीच्या पात्रात होत आला, ती १९९६ मध्ये गाळाने भरली. २४ मार्चला, पवित्र आठवडा ज्याने सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारच्या बरोबर आठवडाभर आधी, मार्कॉपर कंपनीच्या तांब्याच्या खाणीतील बोगद्याचे बूच फुटले आणि सुमारे १६ लाख घनमीटर खनिजगाळ खाली आला. नदीतील मासेमारी बुडाली. त्याआधी कालांकानच्या उपसागरातही वर्षानुवर्षे खाणीचा गाळ सोडला जात होता. उत्सवाच्या माहितीपत्रकांत हे सहसा सापडत नाही, पण बेटाच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच.

जुन्या इतिहासात फिलिपीन-अमेरिकी युद्धातली, तोरिहोसजवळची पुलांग लुपाची लढाई येते. १३ सप्टेंबर १९०० रोजी फिलिपिनो सेनानी मॅक्सिमो अबाद यांच्या सैनिकांनी अमेरिकी तुकडीला तिच्या कप्तानासह शरण आणले. बोआकच्या टेकडीवरील तटबंदीचे चर्च त्याहून जुने. समुद्री चाच्यांच्या धाडीत लोक तिथे आसरा घेत. चर्चमधील ‘बिग्लांग-आवा’ मातेची, म्हणजे तत्काळ कृपा करणाऱ्या मरियामातेची, ख्याती त्या काळापासूनची.

पाहुण्याचा किंवा वाढदिवस असलेल्याचा मान करण्याची रीत ‘पुतोंग’, काही ठिकाणी ‘तुबोंग’. सत्कारमूर्तीला खुर्चीवर बसवतात. बायका गात, नाचत लांबून हळूहळू पुढे सरकतात, गुडघे टेकतात, शेवटी फुलांचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवतात. वर फुलांची आणि नाण्यांची उधळण होते आणि ‘माबुहाय’चा, म्हणजे ‘चिरंजीव हो’चा गजर. नाणी वेचायला मुले आधीच टपलेली असतात.

गासानकडे ‘कालुतांग’ हे वाद्य आहे : दोन हातांत दोन लाकडी काठ्या, एकमेकींवर आपटून सूर काढायचे. रानातून चालताना जनावर दूर राहावे म्हणून शेतकरी त्या वाजवीत. आता त्यांचे मेळे बसवले जातात. आरारूटची बिस्किटे हा इथला ठरलेला खाऊ. फुलपाखरे पाळून विकण्याचा धंदाही बेटावर चालतो.